एक कान घराला

मी जुना इअरफोन आहे. वायरचा. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी मेलेलो नाही. माझ्याकडे बघून 'अरेरे' म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. माझ्या प्लगजवळ चिकटपट्टी आहे, डाव्या बाजूच्या मानेवर वाळलेल्या डिंकाचा थेंब आहे, एक रबरी टोपी काळी आणि दुसरी करडी आहे. असू दे. वाजतो ना? मग झालं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीनं बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. त्यांनी माझ्या पोटात एक चिमुकलं लोहचुंबक बसवलं, त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचं वेटोळं आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. तारेतून वीज आली की वेटोळं हलतं, वेटोळं हललं की पडदा थरथरतो, आणि पडदा थरथरला की तुम्ही म्हणता गाणं लागलं. एवढंच असतं आमचं. पण हे सगळं त्यांनी दोनदा केलं, कारण मी एकटा नाही, मी जोडी आहे. एक डावा, एक उजवा.

शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला दोन्ही कानांत घातलं, थोडं ऐकलं, मान डोलावली आणि पुढं सरकवलं. ती माझी पहिली शाबासकी. दोन्ही कानांत, एकाच वेळी, एकाच माणसानं ऐकलं तेही तेव्हाच. हे लक्षात ठेवा. त्यानंतर फार वर्षं तसं घडलं नाही, आणि माझी सगळी रडकथा तिथंच आहे.

मला विकत घेतलं ठिणगीच्या आईनं. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नाही, ते आजोबांनी ठेवलेलं. मुलगी चटकन पेटते म्हणून ठिणगी. ती तेव्हा शाळेत जायची. बसमध्ये ती आणि तिची मैत्रीण शेजारी बसायच्या. उजवा हिच्या कानात, डावा तिच्या कानात. वायर आखूड, म्हणून दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. गाणं कुठलं लावायचं यावरून रोज भांडण, आणि भांडताना दोघी मला आपापल्या बाजूला ओढायच्या. तरी ते दिवस चांगले होते. 'याचा बास बघ, पोटात धडधडतं,' असं ठिणगी सगळ्यांना सांगायची. मी फुगून जायचो.

मग एक दिवस गणिताच्या सरांशी तिचं वाजलं. तिनं दप्तर उचललं, वर्गातून बाहेर पडली आणि परत गेलीच नाही. आईनं समजावलं, रागावली, रडली. ठिणगी म्हणाली, 'जाईन. पण सर माफी मागतील तेव्हा.' सरांनी काही मागितली नाही. आणि हे चालू असतानाच आजोबांना झटका आला.

आयुष्यभर बस चालवलेला माणूस. डावा हात, डावा पाय लुळा पडून खाटेवर आला. बोलणंही गेलं. सगळे शब्द आत तयार असायचे, पण बाहेर यायचं फक्त 'ठि'. 'ठि' म्हणजे ठिणगी, 'ठि' म्हणजे पाणी, 'ठि' म्हणजे खिडकी लाव. म्हणून आईनं त्यांच्या उजव्या हातात एक स्टीलचा चमचा दिला. खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवायचा. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की कूस बदल, आणि न थांबता वाजत राहिला तर असशील तिथून पळत ये.

आईची ड्यूटी बेकरीत, दुपारी बारा ते रात्री नऊ. त्या वेळात घरी फक्त ठिणगी. आई रोज चपला घालता घालता दारातून ओरडायची, 'ठिणगे, एक कान घराला ठेव गं!'

'ठेवलाय! कापून हातात देऊ का?'

'तोंड आवर.'

'तोंडाचं बोललीच नाहीस, कानाचं बोललीस.'

हे रोजचं. पण ठिणगी शब्दाची पक्की. तिची खुर्ची अशी ठेवलेली की डावी बाजू खाटेच्या खोलीकडे. म्हणून डावा कान कायम उघडा, चमच्यासाठी. उजव्या कानात मी.

आणि माझ्या डाव्याचं काय? तो लोंबकळायचा. छातीवर, मांडीवर, टेबलाच्या कडेवर. तो चहात पडला. पंख्याच्या पात्यात जाता जाता वाचला. तिनं दात घासताना तो बेसिनमध्ये पोहून आला. काम झालं की मला गोळा करून ती टेबलाच्या खणात कोंबायची, किल्ल्या, केसांच्या पिना आणि एका फुटक्या पट्टीबरोबर. सकाळी काढायचं म्हणजे वायर धरायची आणि खेचायची. प्लग लॅपटॉपमधून काढायचा तोही वायर धरून. मी आतून ओरडायचो, अगं माझं डोकं धर, शेपूट कशाला धरतेस? पण माझा आवाज तुम्ही लावाल तेवढाच, मी स्वतःचं काही बोलू शकत नाही.

एक दिवस न थांबता चमचा वाजला. ती ताडकन उठली, धावली. डावा खणात अडकलेला होता. उजवा कानातून निसटला, वायर ताणली गेली आणि डाव्याच्या मानेपाशी आत कटकन काहीतरी तुटलं. आजोबांच्या पायावरून पाल गेली होती, एवढंच. ती परत आली, उजवा कानात घातला, काम सुरू.

डावा बंद पडला हे कुणाला कळलंच नाही. कळणार कसं? त्याला कुणी ऐकतच नव्हतं.

आता काम कसलं ते सांगतो. एका ऑफिसातून रेकॉर्डिंग यायचं, ते ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं. आधी सोप्या फायली होत्या. कुणीतरी साहेब एकटेच पत्र बोलून दाखवायचे. असलं रेकॉर्डिंग दोन्ही बाजूंना सारखंच वाजतं, त्यामुळे उजव्यावर भागायचं. ठिणगीची बोटं फार जोरात चालतात, आणि साहेब कुठं अडखळला, कुठं जांभई दिली तेही तिला कळतं. ऑफिस खूश होतं, पण काम अजून पक्कं नव्हतं. आईनं एकदाच सांगितलं होतं, ओरडून नाही, शांतपणे, म्हणून ठिणगीच्या मनात ते बसलं होतं: 'हे घरबसल्याचं आहे तोवर तू यांच्याजवळ आहेस. हे गेलं तर तुलाही बेकरीत घालावं लागेल. मग यांच्याजवळ कोण, ते तूच सांग.'

आणि मग ती फाईल आली. एका कंपनीला आलेला तक्रारीचा फोन, कपडे धुवायच्या मशीनबद्दल. ठिणगीनं उजवा कानात घातला आणि टाइप करायला लागली. एक माणूस बोलत होता. 'नमस्कार मॅडम.' मग बराच वेळ काही नाही. 'कुणाचे, मॅडम?' काही नाही. 'बरं. सगळे का?' काही नाही. 'मग ते जेवले कसे?'

ठिणगी थांबली. मागं जाऊन पुन्हा ऐकलं. तेच. तिनं प्रत्येक गॅपमध्ये कंसात लिहिलं, शांतता. सगळ्यात शेवटी तिनं कंसात आणखी एक ओळ टाकली: हा माणूस स्वतःशीच बोलतो. आणि फाईल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. 'हे काय पाठवलंय?'

'जे होतं ते पाठवलंय.'

'बाई कुठं गेली?'

'कुठली बाई?'

'फोन करणारी बाई! आमचा माणूस काय भिंतीशी बोलतोय?'

'मला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या. मी लिहिलंय तसं.'

'वाचलं ते. अहो, या फायलीत आमचा माणूस उजव्या बाजूला असतो आणि गिऱ्हाईक डाव्या बाजूला. दोन्ही कान लावून ऐकायचं असतं.'

'मग मी स्पीकरवर ऐकते.'

'स्पीकरवर नको. दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, कोण काय बोललं कळत नाही. दोन्ही कान लावा आणि संध्याकाळी सहाच्या आत द्या. यापुढं सगळ्या अशाच फायली आहेत. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्या कुणाला देते.'

'जमतंय,' ठिणगी म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं डावा उचलला, फुंकर मारली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कानात घातला.

काही नाही. साधी खरखरही नाही.

तिनं मला मुठीत आवळलं आणि तडक कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. माझ्याखाली चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं होती. महिनाअखेर होती, नवीन आणायचा विषयच नव्हता.   तिनं डब्याचं झाकण आपटलं, परत टेबलाशी आली आणि म्हणाली, 'तुटलायस कुठं ते तरी दाखव.'

मित्रांनो, हेच लोक करत नाहीत. आम्ही बंद पडलो की सगळे आमच्याकडे रागानं बघतात, पण कुठं तुटलं ते शोधत नाहीत. ठिणगीनं शोधलं. गाणं लावलं, डावा कानात ठेवला आणि प्लगपासून वर वर येत वायर चिमटीत धरून थोडी थोडी वाकवत गेली. प्लगपाशी काही नाही. मधल्या जोडापाशी काही नाही. अगदी वर, जिथं वायर माझ्या मानेत शिरते, तिथं वाकवल्यावर 'चर्र' झालं आणि गाण्याचा एक तुकडा येऊन गेला.

'सापडलास!' ती ओरडली. खाटेवरून आवाज आला, 'ठि?'

'काही नाही आजोबा, तुमच्यासारखाच याचापण डावा गेलाय.'

आजोबा घशातल्या घशात हसले. त्यांच्याशी असं बोललेलं त्यांना चालतं. हळू आवाजात 'कसं वाटतंय आता' विचारणारे पाहुणे आले की ते डोळे मिटून घेतात.

आई घरात होती तोवर ती मला घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्या काकांकडे पळाली. काकांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्याच्यामागं काका. त्यांनी मान वर न करता सांगितलं, 'टाकून दे.'

'बघा तरी. मानेपाशी तुटलाय, मी शोधलंय.'

'शोधलंस ना? मग आता टाकून दे. मी वायरीत हात घालत नाही. एक जोडलं की दुसरं तुटतं, आणि गिऱ्हाईक येऊन मलाच शिव्या घालतं.'

'मी नाही घालणार.'

'तू आत्ताच घालतेयस, मनातल्या मनात. तोंडावर दिसतंय.'

'मग तुमचा आयर्न द्या. मीच करते.'

काकांनी तेव्हा वर पाहिलं. कपाटाखालून तारा जोडायचा एक जुना सोल्डरिंग आयर्न काढला, थोडी सोल्डरची, म्हणजे वितळून तारा चिकटवणाऱ्या मऊ धातूची, तार त्याच्याभोवती गुंडाळली आणि तिच्या हातात दिला. 'टोक काळं झालंय, घासून घे. उद्या सकाळी परत पाहिजे. आणि एक ऐक, आतल्या चकतीवर टोक टेकवून गप्पा मारत बसू नको. टेकव, उचल. जास्त तापलं की वेटोळं जळतं, मग कुणाचा बाप आला तरी वाजणार नाही.'

हे ऐकून माझ्या पडद्याला कापरं भरलं. पण मला विचारतंय कोण?

बारा वाजता आई गेली. 'एक कान...'

'ठेवलाय!'

ठिणगीनं टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. डाव्याच्या कवचाच्या फटीत ब्लेडचं टोक घालून हळूहळू फिरवलं आणि मी टपकन उघडलो. उघड्यावर येणं कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळणार. आत वेटोळं आणि पडदा धरून बसलेली माझी चकती, आणि चकतीपासून तुटलेल्या दोन बारीक तारा, एक हिरवी, एक तांबूस. तिनं वायरचं खराब टोक कापून टाकलं, वरचं रबर सोललं, नवीन तारा काढल्या. आयर्न तापला. सोल्डरचा थेंब तारेला लावला.

थेंब तारेला धरेना. मोत्यासारखा गोल होऊन घरंगळला. पुन्हा लावला, पुन्हा घरंगळला. तिसऱ्यांदा टेबलावर पडला आणि वर्तमानपत्राला भोक पडलं.

'अरे धर ना मेल्या!' असं म्हणून तिनं मला टेबलावर फेकलं. पाय आपटत स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली. मी पोट उघडं टाकून पडलो होतो. मला वाटलं, आता डबाच.

पण ठिणगीचा राग जेवढ्या लवकर चढतो तेवढ्याच लवकर उतरतो, आणि उतरताना तिचे डोळे फार तेज होतात. परत येऊन तिनं हिरवी तार खिडकीपाशी उजेडात धरली. 'तांबं हिरवं कसं असेल?' ती स्वतःशीच म्हणाली. नखानं खरवडलं. हिरवा रंग थोडासा निघाला आणि आत चमकलं. तारेवर लाखेचा पातळ थर होता! कारखान्यात तो मुद्दाम देतात, तारा एकमेकींना चिकटल्या तरी आवाज बिघडू नये म्हणून. तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. तांबूस तारेवरही तसाच थर होता, फक्त बिनरंगी, म्हणून फसवणारा. तिनं काडी पेटवून दोन्ही टोकं क्षणभर आचेवर धरली. आतले दोऱ्याचे धागे भुर्रकन जळाले. काजळी पुसली. आता सोल्डर लावलं तर ते तारेवर असं पसरलं की बघत राहावं.

मग चकती. टेकव, उचल. टेकव, उचल. मी श्वास रोखून होतो, म्हणजे असता तर रोखला असता. दोन्ही तारा जागेवर बसल्या. ठिणगीनं दोन्ही हात वर केले. 'आजोबा, झालं!'

आणि मग तिचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्यात गेलं. तिथं माझं मागचं कवच पडलं होतं. एकटं. वायर आधी त्याच्या भोकातून ओवायची, आतल्या बाजूला गाठ मारायची आणि मग सोल्डर करायचं, हे ती विसरली होती. आता कवच बसवायचं म्हणजे केलेलं सगळं पुन्हा काढायचं, आणि चकतीला पुन्हा चटका.

ठिणगी काय म्हणाली ते मी इथं सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. खाट मात्र करकर वाजायला लागली. आजोबा हसत होते. खांदा उडेपर्यंत.

'हसा! तुम्ही पण स्टँडवर एक बाई विसरून बस नेली होती ना? आई सांगते!'

आजोबांचं हसू आणखी वाढलं. तिलाही मग हसू आलं. तिनं तारा सोडवल्या, वायर कवचातून ओवली, आत घट्ट गाठ मारली. ही गाठ फार महत्त्वाची. कुणी बाहेरून ओढलं तर झटका गाठीला बसतो, तारेला नाही. मग पुन्हा टेकव, उचल. मला चटका बसला, खोटं का बोलू, पण वेटोळं वाचलं. कवच मिटलं. मानेवर डिंकाचा थेंब.

तिनं मला लावलं. डावा वाजला! इतका स्वच्छ, की ती दचकली. आणि मग भुवया आकसून म्हणाली, 'मग उजवा एवढा हळू का?'

कारण सोपं आहे, पण सांगायला लाज वाटते. उजवा रोज कानात असायचा आणि त्याची जाळी मळानं बुजली होती. ती मात्र रोज आवाज वाढवत बसायची. ठिणगीनं रबरी टोप्या काढल्या, साबणाच्या पाण्यात धुतल्या, फडक्यानं पुसून कोरड्या केल्या. एक काढताना फाटली, म्हणून तिथं दुसऱ्याच रंगाची एक जुनी बसवली. मग उजव्याचं तोंड जमिनीकडे धरून दात घासायच्या कोरड्या ब्रशनं जाळी घासली, म्हणजे मळ खाली पडतो, आत जात नाही. पिनेनं टोकरायला निघाली होती, पण थांबली. शहाणी. पिनेनं जाळी फाटते आणि पडदाही जातो.

दुपार कलली होती. तिनं खुर्ची ओढली, उजवा उजव्या कानात, डावा डाव्या कानात. पांढऱ्या टोपीतल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच मी पुरता ऐकला गेलो. फाईल सुरू झाली.

'नमस्कार मॅडम,' उजवा म्हणाला.

'अहो, त्या मशीनचं दार उघडत नाही आणि आत दात आहेत!' डावा म्हणाला. एक म्हातारी बाई होती.

'कुणाचे, मॅडम?'

'आमच्या ह्यांचे! शर्टाच्या खिशात ठेवले होते, मी शर्ट टाकला धुवायला.'

'बरं. सगळे का?'

'कवळी आहे हो, सगळेच असणार!'

'मग ते जेवले कसे?'

'तेच तर! जेवलेच नाहीत!'

'मॅडम, शांत व्हा.'

'मी शांतच आहे. हे शांत नाहीत. पण काय बोलतायत ते कळत नाहीये, दात नाहीत ना!'

ठिणगी टेबलावर डोकं टेकून हसली. मग डोळे पुसले आणि बोटं चालायला लागली. कोण बोललं, काय बोललं, कुठं कुणी कुणाचं तोडलं, सगळं दिसत होतं आता. अर्धी फाईल झाली असेल. मी मजेत होतो.

तेवढ्यात लॅपटॉपच्या झाकणावर खाडकन चमचा आदळला.

तिनं मला कानातून उपटलं. आजोबा उशीवरून घसरत खाटेच्या कडेला आले होते, अर्धे बाहेर, उजव्या हातानं दांडा धरून. किती वेळ चमचा वाजवत होते कोण जाणे. शेवटी दारातून दिसणाऱ्या टेबलाकडे नेम धरून तो भिरकावला होता. ठिणगी धावली, काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, उशा लावल्या. दोघं धापा टाकत होते.

'मला ऐकू नाही आलं,' ती म्हणाली. 'दोन्ही कान... मला नाही ऐकू आलं आजोबा.'

'ठि,' आजोबा म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मी टेबलावरून लोंबत होतो, दुरुस्त, चकचकीत, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी बंदच बरा होतो. एक कान घराला ठेवला तर काम जातं. दोन्ही कान कामाला दिले तर आजोबा पडतात. आणि काम गेलं तरी आजोबा एकटेच. साडेचार वाजले होते.

ठिणगी रडणार असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं टेबलाचे दोन पाय धरले आणि फरशीवर घासत, चौकटीला ठोकत, सगळं टेबल खाटेच्या खोलीत आणलं. खाटेला चिकटवून बसली. 'आता हाक मारायची तर मला हात लावा,' तिनं सांगितलं आणि आम्हाला कानात घातलं.

थोड्या वेळानं आजोबांना पाणी हवं झालं. त्यांचा हात पुढं आला. खांद्यापर्यंत पोचेना. मग जे पोचलं ते त्यांनी धरलं. म्हणजे मी! डाव्याची वायर मुठीत धरून त्यांनी ओढली, बसचा गिअर ओढावा तशी. डिंक अजून पुरता वाळलेला नव्हता. माझी मान ताणली गेली, आतली गाठ कवचावर जाऊन थडकली आणि तिथंच थांबली. गाठीनं धरलं! तार वाचली.

'आजोबा! वायर नाही, वायर नाही!' ठिणगी किंचाळली. तिनं त्यांच्या मुठीतून मला सोडवलं, पाणी पाजलं आणि खोलीभर बघितलं. खुंटीवर आजोबांचा पायजमा लटकत होता. तिनं त्याची नाडी सर्रकन ओढून काढली. एक टोक स्वतःच्या कोपराला बांधलं, दुसऱ्या टोकाचा फास करून आजोबांच्या उजव्या मनगटात अडकवला.

'ओढायची ती नाडी. कळलं? ओढून बघा.'

आजोबांनी ओढली. ठिणगीचा हात मागं गेला आणि की-बोर्डवर भलतंच काहीतरी टाइप झालं.

'एवढ्या जोरात नाही! मी काय बस आहे?'

आजोबा डोळे मिटून हसले आणि मग हलकेच ओढली. बरोबर जमली.

सहा वाजायला थोडं असताना फाईल गेली. मधे दोनदा नाडी ओढली गेली, दोन्ही वेळा ती उठली, परत बसली. फाईल पाठवून ती नखं कुरतडत बसली. बाईंचा फोन आला तेव्हा तिनं तो लगेच उचललाही नाही.

'आता दोन माणसं दिसतायत,' बाई म्हणाल्या. 'चांगलं केलंय. उद्या तीन पाठवते.'

'म्हणजे ठेवलं का मला?'

'ठेवलं म्हणून तर पाठवतेय. आणि जुन्या फायलीतली ती शेवटची ओळ मी काढली नाही हो, आमच्या माणसाला दाखवली. तो म्हणतो, खरंय, घरी पण माझं असंच असतं.'

ठिणगीनं फोन ठेवला, खुर्चीतच मागं रेलली आणि छताकडे बघत एक लांब श्वास सोडला. मग तिनं डाव्याची टोपी ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली, आणि तो आजोबांच्या उजव्या कानात घातला, कारण त्यांचा तोच कान तिच्या बाजूला होता. उजवा आपल्या कानात. वायर आखूड, म्हणून उशीवर डोकं टेकलं. 'दातांची गंमत ऐका,' ती म्हणाली आणि सुरुवातीपासून लावलं. आजोबांना फक्त म्हातारी ऐकू येत होती, हिला फक्त कंपनीवाला. तरी दोघं एकाच जागी हसत होते. संपल्यावर नाडी हलकेच ओढली गेली.

'पाणी?'

'ठि.' नाही.

'कूस?'

'ठि.' तेही नाही. आजोबांनी डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं. पुन्हा लाव.

सकाळी ती आयर्न परत द्यायला गेली. काकांनी विचारलं, 'आत गाठ मारलीस का?'

'मारली.'

'मग टिकेल,' काका म्हणाले आणि पुन्हा मान खाली घातली.

टिकलोय मी. अजूनही तिच्याकडेच आहे. आता मला खणात कोंबत नाहीत, सैल गोल गुंडाळून एका छोट्या डबीत ठेवतात. प्लग काढताना ठिणगी प्लगच धरते. आठवड्यातून एकदा ब्रश फिरतो. चमचा आता फक्त जेवायला लागतो, आणि पायजम्याला नवीन नाडी आली आहे.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी पडला असेल तर आत्ता उठा. त्याच्या दोन्ही बाजू लावून बघा, रोजची एक नाही, दोन्ही. एक बाजू बोलत नसेल तर ती मेली असं धरून चालू नका. वायर हळूहळू वाकवत जा, तुटलं कुठं ते शोधा. बहुतेक वेळा आत सगळं ठणठणीत असतं, तुटलेलं असतं ते फक्त मानेपाशी. चिडलात तर पाणी पिऊन या आणि परत बसा. आणि काहीही झालं तरी वायर ओढू नका. ओढायची तर नाडी ओढा.